दुसरा लाडू कुठं गेला?

एका गावात एक शाळा होती, आणि शाळेपेक्षा तिच्या लाडवांचं नाव मोठं होतं. दर वर्षी स्नेहसंमेलन झालं की पालक संघाकडून मुलांना पंगत असे. पुरी, भाजी, मसालेभात आणि साजूक तुपातले बुंदीचे दोन लाडू. नाच कुणाचा चुकला, नाटकात कोण गप्प उभा राहिला, हे गाव आठवड्याभरात विसरून जाई. लाडू मात्र पुढच्या संमेलनापर्यंत लक्षात राहत.

संघाचे खजिनदार होते माणिकशेठ. त्यांचं किराणा दुकान होतं आणि धाकटा मुलगा त्याच शाळेत होता. प्रत्येक मुलामागे पन्नास रुपये वर्गणी जमे. तेवढ्यात शेठ मांडव, लाउडस्पीकर, बक्षिसं, पंगत, सगळं उरकत. "पन्नास रुपयांत दोन लाडू! शेठच करू जाणे," असं लोक म्हणत, आणि शेठ हात जोडून हसत. हिशोब कुणी विचारत नसे. हिशोब विचारणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, अशी त्या गावाची समजूत होती. भल्या माणसांची ही एक खोडच असते. विश्वास टाकायचा आणि वर डोळेही मिटून घ्यायचे.

खरी गोष्ट एकट्या शेठना ठाऊक होती. पन्नास रुपयांत भागत नव्हतंच. दर वर्षी साखर, बेसन, तूप ते आपल्या दुकानातून घालत आणि कुणाला सांगत नसत. मन मोठं होतं, पदरमोड करायची हौस होती. पण खोटं कशाला बोला, आपल्या काटकसरीचं कौतुकही त्यांना लाडवाइतकंच गोड लागे.

पुढे धाकटा सातवी पास होऊन तालुक्याच्या हायस्कुलात गेला. ज्याचं मूल शाळेत, तोच खजिनदार, असा नियम होता. लोकांनी शालनताईंना गळ घातली. त्या घरी शिवणकाम करायच्या, आणि त्यांची तनू चौथीत होती. काम अंगावर पडताच शालनताई आधी शेठच्या दुकानी गेल्या.

"शेठ, गेल्या वर्षीचा हिशोब दाखवता का? म्हंजे मला जरा अंदाज येईल."

शेठ गडबडले. खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि त्यांच्यादेखत आपली काटकसर उघडी पाडायला जीव धजेना.

"अहो, शाळेच्या कामाचा कसला हिशोब," ते म्हणाले. "हात जरा आखडता ठेवा, पुरतंय."

शालनताईंनी हात आखडता ठेवला. मांडववाल्याशी घासाघीस केली, बक्षिसाला पेल्यांऐवजी पेनं आणली. तरीही पंगतीच्या वेळेला पैसे संपत आले, आणि प्रत्येक पानात एकच लाडू पडला.

"शालनताई, दुसरा लाडू कुठं गेला?" पहिल्या दिवशी ही थट्टा होती. आठवडा उलटला तोवर तिचा आळ झाला. शालनताईंनी नुकतंच भिशीच्या पैशांतून नवं शिलाई मशीन घेतलं होतं. लोकांनी लाडू आणि मशीन यांची गाठ मारली आणि मोकळे झाले. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका दुसरीकडे जाऊ लागल्या. नवं मशीन कापड टाकून झाकलेलंच राहू लागलं. आणि एके संध्याकाळी तनूनं घरात येऊन दप्तर ठेवलं आणि विचारलं, "आई, दुसरा लाडू आपण खाल्ला का गं?"

दुनियेनं काहीही म्हणावं, पण पोटच्या पोरीनं असं विचारावं, हे कुठल्याही आईला सोसायचं नाही. शालनताई रडल्या, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना म्हणाल्या, "गुरुजी, सभा बोलवा. कुणी विचारलं नाही तरी मी हिशोब देणार."

सभेला वर्ग भरला. माणिकशेठही आले होते. शालनताईंनी पावत्या टेबलावर मांडल्या आणि खडू हातात घेतला. वर्गणी किती आली, मांडवाला किती गेले, आचाऱ्याला किती, तुपाला किती, सगळं फळ्यावर लिहिलं. हेडमास्तरांनी पावत्या ताडून पाहिल्या. रुपयाचाही फरक नव्हता.

"हे बरोबर हाय," मागून एक जण म्हणाला. "पन मग शेठना कसं पुरायचं?"

"ते मलाबी कोडंच आहे, दादा," शालनताई म्हणाल्या. "मी विचारून बघितलं. आता तुम्ही विचारा."

साऱ्या माना माणिकशेठकडे वळल्या. त्यांनी नुसतं हसून टाळलं असतं तरी भागलं असतं. त्यांच्यावर कुणाचाच संशय नव्हता. पण त्यांचं लक्ष झाकल्या मशीनच्या मालकिणीकडे गेलं, आणि ते उठले.

"पुरत नव्हतं," शेठ म्हणाले. "कधीच पुरलं नाही. लाडवांचं सामान माझ्या दुकानातलं असायचं."

वर्ग चकित झाला. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. केवढा दिलदार माणूस!

"टाळ्या नकोत," शेठ जरा चिडूनच म्हणाले. "तूप दिलं ते ठीक. पण ते लपवलं, आणि तुम्ही मला हुशार म्हणत होता ते गोड मानून घेतलं. या माउलीनं हिशोब मागितला, तेव्हाही गप्प बसलो. माझ्या त्या गप्प बसण्याचा आळ हिच्यावर आला. शालनताई, माझं चुकलं."

आता खाली बघायची पाळी इतरांची होती. शालनताई मात्र हसल्या. किती दिवसांनी हसल्या! "शेठ, तूप द्या की, बंद नका करू," त्या म्हणाल्या. "फक्त फळ्यावर लिहून द्या."

तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी एक काळा फळा लागला. वर्गणी किती, खर्च किती, कुणी वरून काय दिलं, सगळं त्यावर लिहायचं ठरलं. हिशोब कुणी विचारावा याची वाटच बघायची नाही. नाव नको असेल तर 'एक पालक' एवढंच लिहावं, पण लिहावं. त्याच आठवड्यात दोघी बायका कापडं घेऊन शालनताईंच्या दारात आल्या. माफी मागायला जीभ रेटेना, म्हणून एकीनं दोन ब्लाउज जास्तीचे टाकले. शालनताईंनी ओळखलं आणि मापं घ्यायला टेप काढली.

पुढच्या संमेलनाला पानात पुन्हा दोन लाडू पडले. जेवण झाल्यावर तनू चिकट हातांनी फाटकाशी गेली आणि फळा वाचत उभी राहिली. 'साखर, बेसन, तूप: माणिकशेठ यांजकडून' या ओळीशी थांबून ती भर गर्दीत ओरडली, "आई, ये ना! दुसरा लाडू हितं लिहिलाय!"

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते माणिकशेठ.

तात्पर्य: दहा जणांच्या पैशाचा हिशोब कुणी मागायच्या आधीच उघड मांडावा. लपवलेली चोरी जशी वाईट, तशीच लपवलेली पदरमोडही वाईट; ती कुणा निरपराध माणसाला चोर ठरवते.