डाव्या कानातलं नाव

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मोरपाणंदमध्ये कुणाला विचारू नका. ज्याला विचाराल तो आपल्या पणज्यापासून मोजायला लागतो आणि मोजता मोजता जेवायची वेळ होते. एवढं नक्की, की तेव्हा नदीवर पूल नव्हता, गावाला एसटी नव्हती, आणि पलटणीतून परत आलेल्या एका शिपायानं गावात कातड्याचा बॉल आणला होता. तालमीतल्या पैलवान गड्यांनी तो आधी हुंगला, मग दाबला, मग लाथाडला. लाथाडल्यावर तो पळाला, आणि त्याच्यामागं तेही पळाले. मोरपाणंद तालमीचा फुटबॉल संघ झाला तो असा.

झाला, पण हरायचा. नदीपलीकडच्या चिंचपेठेकडून तर इमानेइतबारे हरायचा. एका वर्षी चौदा गोल खाल्ले, आणि पंधरावा चिंचपेठवाल्यांनी कंटाळा आला म्हणून मारला नाही, असं म्हणतात. आता गावकऱ्यांचं म्हणाल तर खेळायच्या माळाच्या एका कडेला बाभळी होत्या, ती आपली बाजू, आणि दुसऱ्या कडेला बांध होता, ती त्यांची. मॅच सुरू व्हायची तेव्हा सगळं गाव बाभळीखाली असायचं. पहिला गोल खाल्ला की दहा जण तंबाखू मळत मळत बांधाकडे निघायचे. तिसऱ्या गोलाला बाभळीखाली शेळ्या तेवढ्या उरायच्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, हे काय उगीच म्हणत नाहीत.

शेळ्या आणि आनसाआत्या.

ही आनसाआत्या माळाशेजारच्या सिदूची थोरली बहीण, पण साऱ्या गावाचीच आत्या. तिचं सासर दूर घाटाखाली होतं. एका वर्षी शाळूची राखण करायला म्हणून माहेरी आली आणि राहिलीच. का राहिली याची गावात चार कारणं सांगतात, चारही खोटी. शेतात मचाणावर उभी राहून ती पाखरं हाकायची, तेव्हा तिनं हातात गोफण कधी धरली नाही. नुसती हाक मारायची. त्या हाकेनं पाच शेतांवरची पाखरं एकदम उठायची आणि चिंचपेठेतल्या म्हशी पान्हा चोरायच्या, असं म्हणतात. मॅचच्या दिवशी हाच आवाज बाभळीखालून निघायचा. शब्द एकच, "मोरपाणंद!" चौदा गोल खाल्ले त्या दिवशीही तिनं तो चौदा वेळा दिला. लोक तिला हसायचे, आणि खरं सांगायचं तर आमचे पणजेही त्यात होते.

अशी अकरा वर्षं गेली. बाराव्या वर्षी तालमीचे रावबा वस्ताद वैतागले. हरण्याला नाही वैतागले, पैलवान माणूस हरण्याला भीत नाही. पण आपल्या पोरांनी मान वर करावी आणि आपलाच बाप बांधावर टाळ्या पिटताना दिसावा, हे त्यांना बघवेना. त्यांनी पारावर जाहीर केलं, "औंदाची चिंचपेठेची मॅच झाली की बॉल खुंटीला. बघायला माणूस न्हाई, तर गड्यांनी पळायचं कुणासाठनं?"

"मी येतो की," आनसाआत्या म्हणाली. आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात.

"एकट्या बाईसाठी अकरा गडी पळवू व्हय गं?"

आनसाआत्याला लेकरूबाळ नव्हतं. वर्षभर ती ज्याची वाट बघायची ते एवढंच होतं, आणि तेही आता खुंटीला लागणार होतं.

त्यातच सिदूला नऊ वर्षांनी मुलगा झाला. घरात आनंदीआनंद! आणि बारशाचा बारावा दिवस आला नेमका मॅचच्या दिवशी. आत्याशिवाय बारसं होत नाही, बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. ठरलं असं, की बारसं दुपारी उरकायचं आणि मॅच उन्हं उतरल्यावर. पण पाळणा येणार होता बाळाच्या आजोळहून, आणि आजोळ होतं चिंचपेठ. बाळाचे आजोबा हिंदूराव हेच चिंचपेठेच्या संघाचे कारभारी. त्यांनी आधी आपल्या गड्यांना पोटभर जेवू घातलं, मग त्यांना नावेतून नदीपार नेलं, आणि सगळ्यात शेवटी त्यांना पाळणा आठवला.

झालं. पाळणा टांगेपर्यंत माळावर मॅच सुरू झाली. सिदूचं अंगण आणि माळ यांच्यामध्ये फक्त एक दगडी गडगा. इकडे बायका पाळण्याभोवती बसल्या, तिकडे बॉलवर धपाधप लाथा पडायला लागल्या. आनसाआत्याला दिसत काही नव्हतं, पण अकरा वर्षं बघून बघून तिचा कान इतका तयार झाला होता, की लाथ डाव्या पायाची की उजव्या, हे ती आवाजावरून सांगायची.

नाव ठरलं होतं केदारी. आत्या पाळण्याच्या डाव्या बाजूला बसली होती. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, बायकांनी तिच्या पाठीवर मारायला हात उचलले. आणि तेवढ्यात गडग्यापलीकडे चिंचपेठेचा गडी एकटा बॉल घेऊन सुटला. आपला गोलकीपर घसरून पडल्याचा आवाज आत्यानं ओळखला. बॉल गोलाकडे निघाल्याचाही ओळखला. आणि बाळाच्या कानात हळूच 'केदारी' सांगायचं सोडून ती सगळ्या ताकदीनिशी ओरडली, "मोरपाणंद!"

पाच शेतांवरची पाखरं उठली. माळावरचा बॉल दचकून रेषेवरच थांबला, असं म्हणतात. आणि हात उचललेलेच होते, तेव्हा बायकांनी सवयीनं "कुर्रर्र" करून आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. बारसं झालं!

सगळे आता बाळ रडणार म्हणून थांबले. बाळ हसलं. बारा दिवसांचं बाळ हसत नसतं, पण हे हसलं, खळखळून.

"ह्ये काय नाव झालं?" हिंदूराव फेटा सावरत उठले. "काढा त्ये!"

"पाव्हणं, कानात पडलं त्ये पडलं," एक म्हातारी म्हणाली. "पयलं नाव निघत नसतंय."

"म्हंजे चिंचपेठेच्या हिंदूरावाचा नातू मोरपाणंद म्हणून वाढनार?"

आनसाआत्या शरमली होती, पण तिचं डोकं जाग्यावर होतं. "देवानं कान दोन दिल्यात, पाव्हणं. डाव्यात गाव गेलं, उजव्यात नाव घालू." तिनं पाळण्याला वळसा घातला आणि बाळाच्या उजव्या कानात अगदी हळू, लोण्याइतक्या मऊ आवाजात 'केदारी' सांगितलं. बायकांनी पुन्हा बुक्क्या घातल्या, आणि दुसऱ्या खेपेला जरा जास्तच घातल्या.

हिंदूराव निवळले. घुगऱ्या चघळत हसून म्हणाले, "घाला, घाला. उद्यापासनं तुमचा संघच न्हाई. पोराचा डावा कान रिकामाच ऱ्हानार."

ते थट्टेत बोलले, पण आनसाआत्याच्या काळजाला ते लागलं. आतापर्यंत तिची आवडच तेवढी खुंटीला लागणार होती. आता तिनं एका लेकराला शब्द दिला होता. ती उठली, बाळाला पदरात गुंडाळलं आणि चालू लागली. बाळ चाललं म्हणून बाळाची आई निघाली, ती निघाली म्हणून बायका निघाल्या, आणि बायकांच्या हातात घुगऱ्यांची परात होती म्हणून बाप्येही निघाले. बारशाची अख्खी पंगत माळावर गेली आणि बाभळीखाली बसली.

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर मोरपाणंद जिंकलं असेल. छे! पाच गोल खाल्ले, एक मारला. पण तो एक मारला तेव्हा बाभळीखाली एवढा गलका झाला, की गोल मारणाऱ्या गड्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटून तो घाबरून उभाच राहिला.

मॅच संपली. रावबा वस्तादांनी बॉल काखेत मारला आणि ते तालमीकडे निघाले. आनसाआत्या बाळ घेऊन वाटेत उभी राहिली.

"ह्या संघाच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात, वस्ताद. आन् आज ह्या लेकराच्या कानात संघाचं नाव घातलंय. बाराव्याला नाव ठेवलं, लगेच तेरावं घालायला निघालायसा व्हय?"

"आनसा, अगं, हरनाऱ्याच्या मागं कोन उभं ऱ्हातंय?"

"जिंकनाऱ्याला सगळं जग हाय. हरनाऱ्याला घरचं मानूस लागतंय." तिनं बाळ पुढं केलं. "ह्ये घ्या. आणलंय."

वस्तादांनी खाली बघितलं. त्यांच्या मिशा एवढ्या मोठ्या, की बोलताना हलायच्या. बाळानं मूठ उघडली आणि त्यातली एक मिशी गच्च धरली. ज्या वस्तादांना कुस्तीत कुणी पाठ टेकायला लावली नव्हती, ते वाकले ते वाकलेच राहिले. सोडवायला कुणी पुढं झालं तर म्हणायचे, "थांब रं, धरू दे." शेवटी त्यांनी काखेतला बॉल काढून बाळापाशी पदरात ठेवला. डोळे पुसले की मिशी सोडवली, ते कुणाला नीट दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी एक बाई आपलं पाच महिन्यांचं पोर घेऊन आली. म्हणाली, "आत्या, ह्याचाबी डावा कान रिकामा हाय." मग दुसरी आली. आठ दिवसांत सतरा पोरांच्या डाव्या कानात मोरपाणंद गेलं. संघाला सतरा माणसं मिळाली, आणि त्यातल्या एकालाही अजून चालता येत नव्हतं, त्यामुळे कुणी बांधाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि पुढची गंमत अशी, की बापानं कडेवर घेऊन बांधाकडे दोन पावलं टाकली, की ही पोरं गळा काढायची. परत बाभळीखाली आणलं की गप्प. बाप बिचारे करतात काय? तिथंच बसायला लागले. बसून बसून त्यांना खेळ दिसायला लागला. कोण किती पळतो, कोण पडून उठतो, कोण पाचवा गोल खाल्ल्यावरही पहिल्यासारखाच धावतो, हे आधी कधी त्यांनी पाहिलंच नव्हतं. संघाच्या हरण्यात तसा खंड पडला नाही. बाभळीखाली जागा मात्र पुरेना.

पहिल्यांदा जिंकलो तेव्हा केदारी एकोणीस वर्षांचा होता. नाही, गोल त्यानं मारला नाही. त्याला खेळता अजिबात यायचं नाही, बॉल बघितला की पायात पाय अडकायचा. तो म्हाताऱ्या आत्याला पाठीवर घेऊन बाभळीखाली आला होता. शिट्टी झाली, चिंचपेठ एक, मोरपाणंद दोन. सगळं गाव आनसाआत्याकडं वळलं. ओरडण्याचा पहिला मान तिचा. तिनं तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. तीस वर्षांत तो पार झिजून गेला होता. तिनं घशाला हात लावला आणि लहान मुलीसारखी केदारीकडे बघायला लागली. मग केदारी ओरडला, ते सतरा ओरडले, त्यांची भावंडं, आया, बाप ओरडले, आणि पाच शेतं सोडा, पन्नास शेतांवरची पाखरं उठली. आत्या हसत होती आणि रडत होती. आपला आवाज गेला नाही, वाटला गेला, हे तिला तेव्हा कळलं असेल.

आनसाआत्या कधी वारली, ते कुणी सांगत नाही. एका सुगीत मचाण उतरवायला गडी वर चढले तर वर पाखरांचा थवा बसला होता. माणसं बघूनही तो उडाला नाही, असं म्हणतात.

आजही मोरपाणंदमध्ये बाळाच्या उजव्या कानात त्याचं नाव सांगतात आणि डाव्यात गावाचं. डाव्या कानात सांगणारी कुणीही असो, त्या दिवसापुरतं तिला आनसाच म्हणतात, आणि पाठीतल्या बुक्क्या तिला दुप्पट. लेकी सासरी जातात, चिंचपेठेत तर हटकून जातात, पण डावा कान माहेरचाच राहतो. बांधाच्या बाजूला नवऱ्याशेजारी बसून भलत्याच वेळी टाळ्या वाजवणारी बाई दिसली, की ती आपली असं खुशाल समजावं.

आणि एक नेम फार कडक पाळतात. बारसं जिंकलेल्या दिवशी करत नाहीत. जिंकलेल्या दिवशी नाव ठेवलेलं पोर पुढं बांधाकडे पळतं, असं म्हणतात. बारसं करायचं ते हरलेल्या दिवशी, मॅच संपल्यावर, माळावरच, घाम न वाळलेल्या गड्यांच्या देखत. गेल्या साली आम्ही सहा गोल खाल्ले. त्या संध्याकाळी बाभळींना चार पाळणे टांगले होते, आणि पाचव्याला फांदी उरली नाही म्हणून दोन आत्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं.