एका शब्दासमोर एकच

फार पूर्वी खाडीकाठच्या एका संस्थानात एक कोशकार राहत होता. ही हकीकत तो म्हातारपणी सांगायचा आणि दर वेळी सुरुवातीलाच अडखळायचा. "तेव्हा पौष होता की माघ, मला नक्की आठवत नाही," तो म्हणायचा. "धुकं होतं एवढं खरं. पण ते कदाचित माझ्याच डोक्यातलं असेल."

त्या संस्थानच्या राजाने साता समुद्रांपलीकडची मुलगी राणी करून आणली होती. तिला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं. राजाला ती भाषा येत होती, पण तो दिवसभर दरबारात. ती सज्ज्यात बसून राहायची. खाली पाण्यावरून बगळे जायचे, मागे पडदे फुगायचे आणि बसायचे. दासी यायच्या, मुजरा करून जायच्या.

एके दिवशी ती राजाला म्हणाली, "होळीनंतर माझ्या वडिलांचं गलबत येईल. तोवर मला इथे कुणाशी मनातलं बोलता आलं, तर राहीन. नाही तर जाईन."

राजाने घाईघाईने इंग्रजी जाणणाऱ्या कोशकाराला बोलावलं. "पुस्तक करा. एका बाजूला त्यांचा शब्द, समोर आपला. एका शब्दासमोर एकच. राणीसाहेबांना गोंधळ नको."

कोशकाराच्या घराण्याची एक रीत होती. शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि ज्याच्या तोंडी तो रोज असतो, त्याच्या अंगठ्याचा ठसा खाली घ्यायचा. ठसा नाही, तर शब्द नाही. मग चिठ्ठ्या अंगणात दोरीवर वाळत घालायच्या. वारा आला की सगळं अंगण आपापसात कुजबुजतंय असं वाटे.

झाड, पाणी, वाट, दिवा हे शब्द भराभर झाले. मग आला 'सॉफ्ट'. कोशकाराने पोथ्यांतला 'मृदू' हा शब्द लिहिला आणि ठसा घ्यायला तो बाजारात गेला.

कोष्टी म्हणाला, "मृदू? ते काय असतं, शास्त्रीबुवा? हात लावून बघा की. ह्याला तलम म्हणतात."

शेजारी पुरणपोळ्या करणारी म्हातारी हसली. "तलम तुझं लुगडं. माझी पोळी लुसलुशीत! पोळीला तलम म्हटलं, तर कुणी नेसायला नेईल."

"अहो, पण दोन्हींना राणीसाहेबांचा शब्द एकच आहे," कोशकार म्हणाला.

"मग त्यांच्याकडे पोळ्या होत नसतील, बिचाऱ्या!" म्हातारी म्हणाली.

पिंजारी म्हणाला, "लिहा मऊ. माझा कापूस मऊ." माळ्याने मातीची मूठ पुढे केली. "ही मऊ नाही हो, भुसभुशीत. मऊ माती पायाला चिकटते. फरक आहे."

प्रत्येक जण स्वतःच्या शब्दाखाली अंगठा द्यायला तयार होता, दुसऱ्याच्या शब्दाखाली कुणीच नाही. 'मृदू'ला तर कुणी हातही लावेना.

कोशकार घरी आला. उभा जन्म शब्दांत घालवून आपल्याला एक साधा शब्द नक्की करता येऊ नये, याची त्याला लाज वाटली. राजाला 'मला एकच निवडता येत नाही' असं सांगावं, असं मनात आलं. पण जीभ रेटेना. त्याने दाराला कडी घातली आणि 'मृदू'च्या चिठ्ठीवर स्वतःचाच अंगठा उमटवला. पूर्वी बोरू तासताना चाकू लागल्याची आडवी रेघ त्या अंगठ्यावर होती. तीही ठशात उतरली.

पहिल्या वेळी त्याने दाराची कडी दोनदा तपासली. पुढचा अडलेला शब्द आला तेव्हा एकदाच. पुढे पुढे बाजारात जायचं त्याने सोडूनच दिलं. चिठ्ठ्या शिवून पुस्तक तयार झालं. ठशांची रीत राणीला सांगितली आणि तिने ते महिनाभरात पाठ केलं.

मग ती मोठ्या हौसेने बाजारात गेली. लुगड्यावरून हात फिरवून कोष्ट्याला म्हणाली, "वस्त्र मृदू आहे." कोष्टी गडबडून उठला आणि हात जोडून उभा राहिला. म्हातारीला म्हणाली, "आपली पोळी मृदू आहे." म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वाकून नमस्कार केला. कुणी हसलं नाही. कुणी उलट बोललंही नाही. कीर्तनाला बसल्यासारखे सगळे गप्प ऐकत राहिले. राणी परत सज्ज्यात जाऊन बसली.

होळी झाली. धुक्यातून गलबताचं शीड दिसू लागलं. वाड्याच्या पायऱ्यांवर पेटारे आले. निघण्याआधी राणीने कोशकाराला बोलावलं आणि आपल्या भाषेत विचारलं, "या पुस्तकात एक माणूस आहे. त्याच्या अंगठ्यावर आडवी रेघ आहे. पानोपानी तोच बोलतो. इतकं सगळं बोलणारा माणूस इथे असून मला भेटला कसा नाही? जाण्याआधी मला त्याच्याकडे न्या."

कोशकाराने मूठ मिटली. 'तो माणूस वारला' एवढं म्हटलं की गलबत सुटणार होतं, आणि कुणाला कधी काही कळणार नव्हतं. राजाही तिथेच उभा होता. पण राणी इतक्या आशेने पाहत होती, की तेवढं खोटं कोशकाराला बोलवेना. शेवटी त्याने मूठ उघडली आणि अंगठा पुढे केला.

राजाने पाहिलं. "म्हणजे शब्द चुकीचे?"

"नाही महाराज, शब्द बरोबर आहेत. पण ते कुणी बोलत नाही. एका शब्दासमोर एकच मला निवडता येत नव्हता, आणि तसं म्हणायची मला लाज वाटली."

"तुमची पगडी ठेवा इथे," राजा म्हणाला. कोशकाराने पगडी उतरवली.

राणीने मात्र पुस्तक मिटलं. "मग कोण काय बोलतं, ते दाखवा मला," ती म्हणाली.

बोडक्या डोक्याचा कोशकार पुढे आणि राणी मागे, असे दोघे बाजारात गेले. त्याने तिचा हात कापडावर ठेवला, पोळीवर ठेवला, कापसात बुडवला, मातीत घातला. तिने मातीला 'लुसलुशीत' म्हटलं.

"अगं बाई!" म्हातारी ओरडली. "खाता का काय माती?"

राणीला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती इतकी हसली, की सगळा बाजार हसायला लागला. म्हातारीने तिला हाताला धरून चुलीपाशी बसवलं. संध्याकाळच्या भरतीला गलबत सुटलं, ते पेटारे न घेताच.

कोशकाराला पगडी परत मिळाली नाही. बाजारातून पुन्हा चिठ्ठ्या जमवल्या, तरी शब्द सगळे आले याची त्याला कधी खात्री वाटली नाही. त्याची शंका खरी होती. कितीतरी वर्षांनी वाड्यातली सुईण त्याला भेटली. तिने सांगितलं, की पहिली लेक झाली तेव्हा राणीने तिच्या टाळूवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्याला काय म्हणू गं?" सुईण म्हणाली, "कोवळी म्हणा, बाईसाहेब." कोशकाराने घरी येऊन चिठ्ठ्या तपासल्या. हा शब्द त्याच्याकडे नव्हता.

तात्पर्य: आपल्याला येत नाही हे लाजेखातर झाकलं, की आपल्यावर विसंबलेलं माणूस एकटं पडतं; मोकळेपणाने सांगितलं, तर त्याला शिकवायला सगळा गाव पुढे येतो.