केळाईच्या दारापर्यंत

“मग तुम्हीच सांगा तात्या, उंच पाणी कुठलं? वरच्या तळ्याचं का या धरणाचं?”

अंकुशने हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा भिवातात्या होडीत साचलेलं पाणी करवंटीने बाहेर टाकत होते. आताही तेच करत होते.

तात्या गावच्या केळाईदेवीचे गुरव. गाव धरणात गेलं, देऊळही गेलं. माणसं माळावरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली. तात्या मात्र काठावर खोपट घालून राहिले.

अंकुश तेव्हा सात वर्षांचा होता. तात्यांच्या मांडीला मांडी लावून संबळ वाजवायला शिकायचा. आता तो शहरात, जमीन मोजणाऱ्यांच्या हाताखाली होता. कुठलाही डोंगर दिसला की आधी त्याची उंची सांगायचा.

“तात्या, ऐकताय ना?”

“ऐकतोय की. कान म्हातारं झाल्यात, बहिरं नाही झालं.”

अंकुशने खिशातून कागद काढला.

“डोंगरावरच्या सड्यावरचं तळं, समुद्रसपाटीपासून अकराशे चाळीस मीटर. कोंडीचा तलाव, आठशे सहा. आणि आपलं धरण... सकाळीच भिंतीवरचा आकडा बघून आलोय. सहाशे एक. सगळ्यांत खाली.”

“बरं.”

“सड्यावर तळ्याकाठी देवीचं नवं देऊळ झालंय. संगमरवरी. एवढ्या उंचावर कुठलं धरण पोचणार? आमच्या राघूचं जावळ तिथंच काढावं म्हणतो.”

तात्यांनी करवंटी खाली ठेवली.

“समुद्र बघितलास का रे कधी?”

“... नाही अजून.”

“मग त्याच्यापासनं मोजतोस कसा?”

“कागदावर लिहिलेलं असतं, तात्या.”

“असंल बाबा,” तात्या म्हणाले आणि पुन्हा पाणी बाहेर टाकू लागले.

अंकुशची बायको वैजयंता राघूला कडेवर घेऊन मागे उभी होती. पोराच्या केसांच्या पार जटा झालेल्या. मानेवर घामोळं उठलेलं. ते सारखं डोकं खाजवायचं आणि ती सारखा त्याचा हात धरायची.

“मी नवस बोललेय, तात्या,” ती हळू आवाजात म्हणाली. “सातव्या महिन्यात झाला हा. बावीस दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हा बोलले, केळाईच्या दारात जावळ काढीन. दुसऱ्या कुठल्या देवीच्या नाही.”

“मग काढ की.”

“दार कुठं दिसतंय?”

पाणी पाचशे चौऱ्याण्णववर आलं की देवळाच्या पायऱ्या उघड्या पडायच्या. उन्हाळ्यात बहुतेक वर्षी पडायच्या. लोक चिखल तुडवत जायचे, नवस फेडायचे. यंदा मात्र मे सरत आला तरी पाणी हटेना. वैजयंता रोज पेपरातला धरणाचा आकडा बघायची.

“रोज चार बोटं उतरतंय,” ती म्हणाली. “याचं तिसरं वर्ष सरायच्या आत जावळ निघायला हवं, आणि अकरा दिवस राहिले. सात मीटर कसं उतरणार? आणि नवस राहिला, पोराला काही झालं, तर...”

तिने राघूला घट्ट धरलं.

“म्हणूनच म्हणतो, वरच्या तळ्याला जाऊ,” अंकुश म्हणाला. “देवी ती देवीच. उलट जास्त उंचावरची.”

वैजयंता तात्यांकडे बघत राहिली.

तात्यांनी होडीचा दोर सोडला.

“बसा.”

पाणी गढूळ होतं. हातभर खालचं दिसत नव्हतं. तात्या समोरच्या खिंडीकडे बघायचे, मग मागच्या सुळक्याकडे, आणि वल्हं मारायचे. थोडं गेल्यावर त्यांनी होडी उजवीकडे वळवली. जरा पुढे जाऊन डावीकडे.

अंकुश मोबाइलमधला नकाशा बघत होता.

“तात्या, देऊळ त्या तिकडं. सरळ घ्या की.”

“सरळ?”

“हां. पाण्याला काय रस्ते असतात?”

“मधी रखमाक्काचं घर हाय,” तात्या म्हणाले. “लोकांच्या घरावरनं कसं जायचं?”

अंकुश हसला. वैजयंताला मात्र हसू आलं नाही.

“ही चावडी,” तात्या म्हणाले.

होडी चावडीला वळसा घालून गेली.

“हा पाणवठा. हळू... बायका असायच्या.”

अंकुशने मोबाइल खिशात ठेवला.

“आता माळ्यांची चिंच. फांदी हाय, डोकं सांभाळ.”

अंकुश पटकन खाली वाकला.

वर नुसतं आभाळ होतं.

तो तसाच वाकून राहिला, होडी पुढे जाईपर्यंत. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

“तात्या... मग आता डाव्या हाताला...”

“हं.”

“तिसरं घर.”

“हं.”

तात्यांनी वल्हं थांबवलं. अंकुशने पाण्यात हात घातला, कोपरापर्यंत.

“आई भाकरी थापायची,” तो म्हणाला. “तो आवाज शाळेपर्यंत यायचा. मास्तर म्हणायचे, अंकुश, तुझी सुट्टी झाली...”

राघूनेही आईच्या मांडीवरून हात लांब केला आणि पाण्यात बोटं बुडवली.

मग होडी पुन्हा निघाली. एक वळण झालं, दुसरं झालं, आणि तात्यांनी वल्हं आत घेतलं.

“उतरा,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. “सवय हाय. रोज म्हणतो.”

त्यांच्या पायाशी दोरीचं वेटोळं होतं. टोकाला मुठीएवढा दगड. तात्या रोज सकाळी त्या दगडाला फूल बांधून खाली सोडायचे. देवीची पूजा त्यांनी एकही दिवस चुकवली नव्हती. आज त्यांनी कण्हेरीचं फूल बांधलं आणि दोरी अंकुशच्या हातात दिली.

“सोड.”

अंकुश दोरी सोडत गेला. मोजायची सवय, म्हणून तो हात मोजत होता. दहा. बारा. पंधरा. सोळा...

ठक्.

ते दोरीतून त्याच्या मनगटात आलं.

“काय लागलं?” तात्यांनी विचारलं.

“दगड.”

“कसला?”

अंकुशने दोरी जराशी हलवली. खालचा दगड घरंगळला, आणि एका खळग्यात जाऊन बसला. तिथून हलेना.

अंकुशने दोरी तशीच ताणून धरली.

“नारळ फोडायची पायरी,” तो शेवटी म्हणाला. “फोडून फोडून खळगा पडलेला. मी त्यातलं पाणी प्यायचो. तुम्ही रागवायचात.”

“अजून रागावलोय,” तात्या म्हणाले.

वैजयंताने पिशवीतून कात्री काढली. हळद लावलेल्या फडक्यात गुंडाळलेली. पहिली बट देवीपुढे कापायची, बाकीचं न्हाव्याकडे. तिने राघूला पुढ्यात घेतलं. तिच्या तोंडावरची काळजी थोडी उतरली होती. तिने एक बट बोटांत धरली आणि नवऱ्याकडे बघितलं.

“थांब,” अंकुश म्हणाला.

तिचा हात तिथंच थांबला.

“तात्या, देवी सोळा हात खाली. आपण वर. देवापुढं माणूस पाटावरसुद्धा बसत नाही. आणि आपण तिच्यापेक्षा एवढ्या उंचावर बसून जावळ काढायचं... चालंल का? तिला राग नाही येणार? पोराचा प्रश्न आहे.”

वैजयंताने बट सोडली नाही. कापलीही नाही. तीसुद्धा आता तात्यांकडे बघू लागली.

तात्यांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. होडी जागच्या जागी हलत होती. खिंडीतून वारं आलं, गेलं...

“पालखीला गर्दी झाली की तू माझ्या खांद्यावर बसायचास,” तात्या म्हणाले. “तवा आपल्या दोघांत उंच कोण होतं रे?”