राजा मेघांकाची मूठ

एका राज्यात मेघांक नावाचा राजा राज्य करीत होता. शेजारच्या देशाची राजकन्या इलावती हिच्यावर त्याचा जीव जडला. त्याने मागणी घातली, तेव्हा तिने समोर येऊन सांगितले, "महाराज, आपल्याविषयी मला आदर आहे. प्रेम नाही." तिचे मन पलीकडच्या एका राज्यातल्या शूरदत्त नावाच्या सेनापतीवर होते.

राजा कालंजन मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाने त्याच्या तळहातावर निळा मणी ठेवला. हा मुठीत असेतो इलावती डोळ्यांपुढून हलणार नाही, असे सांगितले. राजाने मूठ मिटली. इलावती दिसू लागली, आणि मूठ काही उघडेना. त्याच क्षणी राज्यातल्या प्रत्येक माणसाचा उजवा हात मिटला. कुंभारांची चाके थांबली, पेरण्या खोळंबल्या, आयांना लेकरांच्या तोंडावरून हात फिरवता येईना.

राजा खजील झाला. तो एकटाच डोंगरातल्या लेण्यात राहणाऱ्या वृद्ध भिक्षुणी उत्पला थेरींकडे गेला. तेथे एक भारद्वाज पक्षी होता. तो माणसासारखा बोले.

थेरी म्हणाल्या, "मण्यात बळ नाही, राजा. मूठ तूच आवळली आहेस. तीनदा मनापासून मंगल चिंत. आधी अनोळखी माणसाचे, मग इलावती-शूरदत्ताचे, शेवटी स्वतःचे."

खाली एक बाई मोळी घेऊन चालली होती. ती सुखरूप घरी पोहोचो, असे राजाने चिंतले. करंगळी सुटली.

"इलावती आणि शूरदत्त सुखी असोत," तो म्हणाला.

"नुसते ओठ बोलले," पक्षी म्हणाला.

दुःखाला हाकलू नकोस, कुरवाळूही नकोस, नुसते पाहा, असे थेरींनी सांगितले. राजा बसला. कळ आली, छातीत दाटली, ओसरली. पुन्हा आली, पुन्हा ओसरली. त्या एका दिवसात लेण्यावरच्या पिंपळाची सारी पाने झडली आणि नवी फुटली. शूरदत्ताच्या बोलण्यावर इलावती हसताना राजाला दिसली. ते हसू त्याच्यासाठी नव्हते, तरी सुंदर होते.

"अशीच हसत राहा," तो म्हणाला. पक्षी गप्प राहिला. तीन बोटे उघडली.

स्वतःचे मंगल चिंतणे सर्वांत जड गेले. नकार मिळाल्यापासून तो स्वतःला कवडीमोल समजत आला होता. फार वेळाने तो पुटपुटला, "मीही सुखी असो." अंगठा सुटला. मण्याचे पाणी झाले आणि वाहून गेले. दरीतून पाखरांचा थवा उठावा तसा आवाज आला. साऱ्या राज्यातले हात एकदम उघडले होते.

राज्य पुन्हा सुरळीत चालू लागले. त्याच वर्षी शूरदत्ताशी लग्न लागून इलावतीची वरात मेघांकाच्या नगरावरून निघाली. ती नगराबाहेरून वळवावी का, असे प्रधानांनी विचारले. राजाने मुख्य वेस उघडायला लावली आणि स्वतः तेथे उभा राहिला.

पालखी थांबली. इलावतीने विचारले, "महाराज, आपण बरे आहात?"

छातीत कळ उठली. राजाने ती कळ उठू दिली.

"बरा आहे," तो म्हणाला. "सुखाने जा." आणि पालखी पुढे निघाली तसा तो वाट करून देण्यासाठी बाजूला झाला.