कुडवळचं चांदीचं सांबर

या देवळात चांदीचं सांबर आहे, पण त्याला डोकं नाही. चोरांनी नेलं असं समजू नका. डोकं ओढ्यापलीकडे, धाकट्या कुडवळच्या देवळात आहे.

असं सांगतात, की हे सांबर जर्मनी देशातल्या एका सोनाराने तिथल्या उमरावासाठी घडवलं. उमरावाची लेक सासरी निघाली, तेव्हा तिच्याबरोबर ते दुसऱ्या घराण्याच्या दिवाणखान्यात गेलं. अशी बरीच मोठी घरं फिरत फिरत ते गोव्यातल्या एका फिरंगी सरदाराकडे आलं. त्या सरदाराला आमच्या देसायांनी पुरातून ओढून काढलं. त्याने म्हणे आपल्या संग्रहातली हीच एक वस्तू त्यांच्या हाती ठेवली.

देसायांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. 'सांबर शाबूत तोवर घर शाबूत,' असं ते म्हणत. त्यामुळे फुलं वाहण्यापलीकडे त्याला कुणी हात लावला नाही.

देसाई वारले. खेमराव आणि सुभानराव या दोघा मुलांनी जमीन वाटून घेतली, सांबर मात्र दोघांनाही हवं होतं. ओढ्याकाठी पंच बसले. शब्दाने शब्द वाढला. एकाने शिंगं धरली, दुसऱ्याने पाय, आणि ओढाताणीत डोकं थोरल्या खेमरावांच्या हातात आलं.

"घर मोडलंस!" खेमराव ओरडले.

"मी? तुम्ही मोडलंत!" म्हणत सुभानरावांनी तलवार उपसली. दोन्हीकडची माणसं पुढे सरली.

त्यांची मोठी बहीण सगुणाबाई माहेरी आली होती. ती मधे शिरली. तिने धड उचललं, मानेच्या कडेवरून बोट फिरवलं, आत डोकावून पाहिलं. आत सोन्याचा मुलामा लखलखत होता.

"अरे, मोडलेल्याची कड अशी गुळगुळीत असते का? हे प्यायचं भांडं आहे. डोकं म्हणजे त्याचं झाकण!"

तिने डोकं मानेवर ठेवलं. ते अलगद बसलं. पुन्हा उचललं, तर अलगद निघालं.

सुभानरावांच्या हातून तलवार गळाली, आणि ते मटकन खाली बसून रडू लागले. सगुणाबाईने धड ओढ्यात बुडवून भरलं, दोघांना पाणी पाजलं आणि म्हणाली, "भांडं थोरल्याकडे, झाकण धाकट्याकडे. वर्षातून एकदा दोघांनी मिळून ते पुरं करायचं."

पुढे दोघांनी आपापला भाग आपापल्या गावच्या देवळात ठेवला. आजही दसऱ्याला इकडून धड निघतं, तिकडून डोकं. त्या वर्षी ज्या भावांच्या चुली वेगळ्या झाल्या असतील, पहिलं पाणी त्यांचं. गेल्या साली दोघे परब बंधू ओढ्यात एकमेकांकडे पाठ करून उभे होते. थोरला पाणी प्यायला, भांडं धाकट्यापुढे धरलं आणि म्हणाला, "पी, आणि जेवायला घरी चल."