निखाराचं घरटं

फार पूर्वी डोंगराळ मुलखात एक राजा होता. त्याच्या रानात निखार नावाची चिमुकली पाखरं राहत. नराच्या छातीवर पेटल्या कोळशाचा रंग असे. दर वर्षी ती कमी होत चालली होती.

राजा दिवाणाला म्हणाला, "रानातल्या प्रत्येक जिवाची जात, ठिकाण आणि संख्या लिहून काढा. दुर्मीळ असेल ते राखा. निखार संपले, तर तुमची दिवाणकी संपली."

दिवाण वही आणि दोन शिपाई घेऊन रानात गेला. पहिल्या पानावर त्याने लिहिलं, 'निखार. पक्षी. उंच झाडांवर राहतो. उरल्या जोड्या नऊ. हात लावेल त्याला कोठडी.'

जवळच एक म्हातारी सालीवरून मसाल्याचं दगडफूल खरवडत होती.

"म्हातारे, हे झाड की बुरशी?"

"बुरशी घर राखते, आत शेवाळ रांधतं. दोघांचा संसार आहे, दिवाणजी."

"म्हणजे धड कशातच नाही! राहतं कुठे?"

"दगडावर, झाडावर. हवा चांगली असेल तिथं."

दिवाणाने शेवटच्या पानावर लिहिलं, 'दगडफूल. मुबलक. कोणीही न्यावं.'

"वरच्या फांद्या तेवढ्या सोडायला सांगा," म्हातारी म्हणाली. "आम्ही तिथलं घेत नाही. तो पाखरांचा वाटा."

"पाखरं काय आमटीला फोडणी देतात?" दिवाण म्हणाला. शिपाई खो खो हसले.

त्याच हिवाळ्यात राजकन्येचं लग्न निघालं. मसाल्यासाठी माणसं शिड्या घेऊन आली आणि झाडं शेंड्यापर्यंत खरवडून गेली. त्यांना कोण अडवणार?

विणीचा हंगाम आला. निखार दर वर्षी कोळ्याच्या जाळ्याने घरट्याला बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवत. मग घरटं फांदीची गाठच वाटे. यंदा नागव्या फांद्यांवर उघडी घरटी होती. कावळ्यांना ती लांबूनच दिसली. नऊ घरट्यांत एकही अंडं उरलं नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. जुनी पाखरं मरत गेली, नवी जन्मली नाहीत. तिसऱ्या वर्षी एकच मादी राहिली.

दिवाण म्हातारीकडे धावला. "आजी, त्या फांद्या पुन्हा कधी भरतील?"

"माझी नात म्हातारी होईल तेव्हा."

दिवाणाने भटारखान्यातून वाळलं दगडफूल आणलं, स्वतः झाडावर चढून डिंकाने फांदीला चिकटवलं. मादी आली. तिने एक तुकडा चोचीत उचलला. मग तो टाकून तिने नराला साद घातली. बराच वेळ घातली. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही.

दिवाणाने पहिल्या पानावरच्या नावावर रेघ मारली, वही राजापुढे ठेवली आणि डोक्यावरची पगडी उतरवली.

तात्पर्य: पहिल्या पानावरचा जीव पुष्कळदा शेवटच्या पानावरच्या जिवाच्या आडोशाने जगत असतो, आडोसा गेला की पहारा कामाचा नाही.