मामलेदारांना परवानगी नाही

निवृत्त मामलेदार खानविलकरांना परदेशातल्या नातीचं बारसं घरच्या कॉम्प्युटरवर पाहायचं होतं. पण त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. 'तुम्हाला परवानगी नाही,' एवढंच पडद्यावर उमटे.

"माझ्याच घरात मला परवानगी नाही?" दुरुस्तीला आलेल्या विलासवर ते कडाडले.

विलास चाचरत म्हणाला, "साहेब, तुमच्या मुलानं मुख्य खातं काकूंच्या नावानं उघडलंय. त्यांचा पासवर्ड लागेल."

मामलेदारांचा आवाज एकदम अर्जदारासारखा नरम झाला. "अगं, जरा येतेस का? बारसं सुरू होईल."

काकू हात पुसत आल्या, पासवर्ड घातला आणि म्हणाल्या, "नातीसाठी म्हणून आजच केलं हं. नाहीतर तुमच्या कचेरीसारखं सांगणार होते, साहेब जेवायला गेलेत, उद्या या!"